इतिवृत्तात नसलेला नकार

पिंपळमाळ, ता. इंदापूर
बुधवार

प्रिय दिपा,

हे पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर न पाठवता जळोचीच्या घरी पाठवतेय. कॉलेजवर आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो, त्यावर शिक्का बसतो आणि मग तो सचिव मॅडमच्या टेबलावर जातो. मला सचिव मॅडमशी काही बोलायचं नाही. त्यांच्याशी जे बोलायचं ते अर्जात लिहून झालंय, तीन प्रतींत, सहपत्रांसह. मला बोलायचंय ते त्या दिपालीशी, जी सामन्याच्या आधी घाबरून माझ्या डब्यातली भाकरी संपवायची आणि वर 'तुझ्या आईच्या हाताला मीठ जरा जास्तच गं' असं म्हणायची. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून लखनच्या हाती देतेय. लखन म्हणजे माझ्या संघातल्या निकिताचा भाऊ. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आहे, रोज मोटरसायकलवर येऊन-जाऊन करतो. त्याला चहा पाज, नुसता दारातून परत पाठवू नकोस.

शनिवारी अकरा वाजता विभागीय क्रीडा मंडळाची सभा आहे आणि विषयपत्रिकेवर पाचवा विषय आमचा आहे : 'नवीन महाविद्यालयांना सभासद करून घ्यावे किंवा कसे.' यातलं 'किंवा कसे' कुणी घातलं ते ठाऊक नाही, पण आमचं कॉलेज निघाल्याला बारा वर्षं झाली आणि ती सगळी बारा वर्षं आम्ही त्या 'किंवा कसे'मध्येच काढली. तुला नियम सांगायला नकोत, तूच ते टाइप करून पाठवतेस. पण एकदा माझ्या बाजूनं वाच. मंडळाचं सभासदत्व नाही म्हणून माझ्या मुलींना आंतरमहाविद्यालयीन सामन्यात उतरता येत नाही. तिथं उतरता येत नाही म्हणून विद्यापीठाच्या निवड चाचणीला त्यांना कुणी उभं करत नाही. आणि चाचणी नाही म्हणजे त्या खेळाडूच नाहीत, सरकारदरबारी तरी. माझ्याकडं खो-खोच्या अकरा मुली आहेत. गेली दोन वर्षं त्या रोज संध्याकाळी एकमेकींशीच खेळतात, पाच विरुद्ध सहा. एकमेकींच्या हुलकावण्या त्यांना इतक्या पाठ झाल्यात की आता कुणी कुणाला फसवूच शकत नाही. परवा दोघी भांडल्या त्या याच्यावरून, की तू मला नेहमीच्याच जागी का बाद करतेस.

आई बरी आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करू या म्हटलं की म्हणते, आधी तुझा कर. माझा उजवा गुडघा अजून तसाच, थंडीत बोलतो. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे, अकरावं वर्ष. प्राचार्य चांगले आहेत, पण त्यांच्या हाती काही नाही. आमच्या खेळ विभागात एक कपाट आहे, त्यात दोन चेंडू, एक शिट्टी आणि ग्रंथालयाची जादा झालेली जुनी पुस्तकं. तुमच्याकडं आता मॅटवर खो-खो होतो म्हणे. लखननं फोटो दाखवले. निळ्या मॅटवर पिवळ्या रेषा, छान दिसतं. मुलींनी विचारलं, मॅडम, याच्यावर पडलं की ढोपर फुटत न्हाय का? म्हटलं, फुटत नाही. तर म्हणाल्या, मग पडल्यालं कळतं कसं?

आता वीस मेचं बोलते. त्या दिवसाबद्दल तू एक अक्षर बोलली नाहीस, मीही बोलले नाही. पण अहवालात त्याचं एक वाक्य झालंय आणि ते वाक्य शनिवारी चौदा कॉलेजांसमोर वाचलं जाणार आहे, म्हणून आता गप्प बसून चालायचं नाही.

तुम्ही तिघं पाहणीला येणार हे आम्हाला आठ दिवस आधी कळलं. तू, मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब आणि क्रीडाशिक्षक अविराज सर. गावात लग्नाची धांदल असावी तसं झालं होतं. आमचं मैदान म्हणजे गेणबांच्या मळ्याला लागून असलेला पडीक तुकडा, तुला ठाऊकच आहे. मेमध्ये तिथं नुसता फुफाटा. मुली पळाल्या की मागे धूळ उठायची आणि पाठलाग करणारी खोकत बसायची. मी ठरवलं होतं की आदल्या दिवशी झाऱ्यांनी पाणी शिंपडायचं, चोपण्यांनी चोपायचं आणि चुन्यानं रेषा मारायच्या. तसं आम्ही केलंही. एकोणीसच्या संध्याकाळी मैदान असं देखणं दिसत होतं की मी त्याचे चार फोटो काढले आणि तुला पाठवायचे म्हणून ठेवले. मग वाटलं, उद्या डोळ्यांनीच बघेल की.

गेणबांनी संध्याकाळी येऊन मैदान पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला फेटा, बोलणं कमी. रेषेवर पाय पडू नये म्हणून काठाकाठानं फिरले. जमिनीला हात लावून बघितला, माती चिमटीत चोळली आणि मान हलवत निघून गेले. त्यांच्या मनात काय आलं ते मला कुठून कळणार? त्यांच्या मनात असं आलं की पाव्हणं यायच्यात आणि जमीन आतून कोरडी हाय. वरवर ओली, आतून कोरडी. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला ती लबाडी वाटली. कॅनॉलचं उन्हाळी आवर्तन चालू होतं, आणि वीस तारखेला सकाळी सात ते नऊ गेणबांची पाळी होती. दीड महिन्यानं आलेली पाळी. त्यांचा मका पानं गुंडाळून उभा होता. त्या माणसानं मक्याकडं पाठ केली, चारीचं दार फोडलं आणि दोन तास सगळं पाणी आमच्या मैदानाला दिलं. नुसतं सोडून दिलं नाही गं, खोरं घेऊन दारं धरली. कोपरा न् कोपरा भिजला पाहिजे म्हणून खांबाभोवती आळं केलं. आळं, दिपा! खो-खोच्या खांबाला, डाळिंबाला करतात तसं.

मी साडेनऊला पोहोचले तेव्हा खांबांची सावली पाण्यात दिसत होती. चुना धुऊन गेला होता. गेणबा बांधावर पाय पसरून बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, आणि तोंडावर असं समाधान की मला ओरडता येईना. म्हणाले, "आता बघ बाई, चार दिस धूळ म्हणून उडायची न्हाय." मी म्हटलं, आबा, अहो अर्ध्या तासात माणसं येणार. तर म्हणाले, "येऊ द्यात की. हितं कोन कोरडं बोलतंय त्यास्नी?"  मी बांधावर त्यांच्याशेजारी बसले आणि खरं सांगते, रडायचं सोडून मला हसू आलं.

दहा वाजता तुमची गाडी आली. पांढरे बूट घातलेले अविराज सर आधी उतरले आणि पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत रुतले. आमच्या अकरा मुली कडेला ओळीनं उभ्या होत्या, निळ्या टी-शर्टात, नंबर घरीच शिवलेले. निकितानं विचारलं, "सर, धावून दाखवू का? आमाला चिखलात बी येतं." त्यावर अविराज सर हसून म्हणाले, इथं काय, भात लावायचाय का? आप्पासाहेबांनी घड्याळात पाहिलं. तू मोबाइलमध्ये पाहिलंस. चहा झाला, गेणबांनी घरची रामफळं आणली होती, ती कुणी घेतली नाहीत, आणि तुम्ही निघालात. मी मोजलं, अकरा मिनिटं. त्यातली चार बूट धुण्यात गेली. एकाही मुलीला तुम्ही धावताना पाहिलं नाहीत.

अहवालात लिहिलंय : 'मैदान पाणथळ असून खेळण्यास कायमस्वरूपी अयोग्य.' खाली तीन सह्या, तिसरी तुझी.

पाणथळ! इंदापूर तालुक्यात, मे महिन्यात! अविराज सर शहरात वाढले, त्यांनी लिहिलं तर मी समजू शकते. आप्पासाहेबांना आता लांबचं दिसत नाही. पण तू कोऱ्हाळे बुद्रुकची आहेस. तुझ्या तात्यांचा ऊस तू पाहिलायस, नुसता पाहिला नाहीस, भिजवलायस. एस. वाय.ला असताना भाऊ आजारी पडला म्हणून तू पाळीवर गेली होतीस आणि तिथून थेट सरावाला आलीस, पिंढऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. सर ओरडले तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते सगळ्या संघानं ऐकलंय. म्हणालीस, पाणी आलं होतं सर, सोडून कशी येऊ? ती मुलगी त्या दिवशी बांधावर उभी होती आणि तिला तो चिखल ओळखता आला नाही, यावर मी विश्वास ठेवायचा? तू ओळखलास. दोन तास दारं धरलेली जमीन आणि पाणथळ जमीन यांतला फरक तुला झोपेतही सांगता येईल. तरी तू सही केलीस. मला त्या सहीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मैदानाला वाफसा आला, पाय रुतायचा थांबला. सहाव्या दिवशी अकरा मुली आणि गावातल्या जमतील तेवढ्या बायका, सगळ्या एका रांगेत उभ्या राहिल्या आणि पायांनी जमीन चोपत या खांबापासून त्या खांबापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. आज त्या मैदानावर टाच आपटली तर आवाज येतो. धूळ नाही. गेणबा बरोबर होते, फक्त त्यांचा हिशोब पिकाचा होता आणि तुमचा अकरा मिनिटांचा. त्यांचा मका निम्मा गेला. त्याबद्दल ते बोलत नाहीत. पण पाव्हणं फळं न खाता गेले हे मात्र त्यांच्या मनाला अजून लागलंय, दर दोन दिवसांनी विचारतात, गोड नव्हती व्हय गं?

मंडळातल्या लोकांचं म्हणणं माझ्या कानावर येतं. लांब पडतं म्हणतात. इंदापूरहून बारामती लांब पडते आणि बारामतीहून पुणे जवळ, असा कुठला रस्ता आहे मला दाखवा. आम्ही दरवर्षी टेम्पो करून तुमचे सामने बघायला येतो, तेव्हा आम्ही लांबचे नसतो, टाळ्या वाजवणारे असतो. संघ वाढले की सामन्यांचा एक दिवस वाढतो, यजमान कॉलेजला जेवणावळ जड जाते, असंही म्हणतात. मग यजमानपद आम्हाला द्या. चौदा कॉलेजांच्या मुलींना ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ घालायची आमच्या बायकांना धास्ती नाही, वर ठेचा. आणि ते तिसरं, सगळ्यात आवडतं कारण : दर्जा खाली येईल. जानेवारीत अविराज सरांचा संघ आमच्या शेजारच्या गावी शिबिराला आला होता. मी हातापाया पडून एक मैत्रीपूर्ण सामना मागितला. आमच्या मुलींनी त्यांना एक डाव आणि चार गुणांनी हरवलं. सरांनी तो 'सराव' म्हणून नोंदवला आणि गुणपत्रक गाडीत बसताना खिशात घालून नेलं. दर्जा खाली येतो तो असा, दिपा. आम्ही आत आल्यानं येत नाही.

खरं कारण कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. आम्ही बाहेर आहोत तोवर आमच्या चांगल्या मुली तुमच्या आहेत. दर जूनला कुणीतरी येतं. कुणाला वसतिगृह, कुणाला बूट, कुणाला बसचा पास. दोन न्यायच्या, तीन न्यायच्या, आणि गावचा संघ मोडला की म्हणायचं, तिकडं संघच कुठाय? यात मी तुला दोष देत नाही, कारण मला आणि तुला एकत्र आणणारी रीत हीच. इथं मला तुला एक गोष्ट सांगायचीय, जी बावीस वर्षं मी सांगितली नाही.

आपल्या शेवटच्या वर्षीचा अंतिम सामना आठव. मध्यंतरात दोरीपाशी एक मुलगी आली होती, हिरव्या लुगड्यात, कडेवर लहान मूल. तिनं मला हाक मारली. तू विचारलंस, कोण गं ती? मी म्हटलं, गावाकडची आहे कुणीतरी. आणि पाणी प्यायला गेले. ती फुलाबाई. गावच्या शाळेत आमचा नऊजणींचा संघ होता, त्यात सगळ्यात पुढची ती. खांबावरून वळताना ती हात लावायची की नाही ते पंचालाही कळायचं नाही. मी तिच्या निम्म्यानंही नव्हते. बारामतीहून सर आले तेव्हा आधी तिच्याकडं गेले होते. पण तिच्या घरी मेंढरं होती, दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं कोकणाकडं उतरायचं, वसतिगृह वगैरे त्यांच्या कानालाही नवीन. ती गेली नाही म्हणून मी गेले, माझ्याबरोबर आणखी एक. नवातल्या सात राहिल्या. साताचा खो-खो होत नाही. त्या वर्षी आमच्या गावातला खेळ थांबला तो कॉलेज निघेपर्यंत थांबला. फुलाबाईचं लग्न झालं, मेंढरं गेली, आता तिची तीन एकरांत भेंडी आणि मिरची असते. त्या दिवशी ती उन्हातान्हाची मला बघायला एसटीनं आली होती, आणि मी तिला ओळख दिली नाही. लाज वाटली मला, तिच्या लुगड्याची. पुढं कित्येक वर्षं मी तिच्या घरासमोरून जाताना रस्ता बदलायचे.

निकिता तिची मुलगी. पहिल्या दिवशी ती खांबावरून वळली तेव्हाच मला कळलं, नाव विचारायचीही गरज पडली नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि फुलाबाईपुढं सगळं ओकले. तिनं मिरच्या निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय की. मी काय आंधळी न्हवते." बस, एवढंच. मग चहा ठेवला. मला वाटतं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता रविवारचा तुझा फोन. तू चांगल्या मनानं केलास, हे मी मानते. तुझा आवाज मला ओळखता येतो. तू म्हणालीस, सभेत मतं सात-सात होतील असं दिसतंय, उगीच शोभा नको. बाकीच्या दोन कॉलेजांनी अर्ज मागे घेतलेत, तूही घे, स्वखुशीने. निकिताला आणि आणखी दोघींना मी या वर्षीच प्रवेश देते, वसतिगृहासकट. आणि तुलाही आमच्याकडं घेते, साहाय्यक म्हणून, पूर्णवेळ. कागद शुक्रवारपर्यंत दे, म्हणजे विषय पटलावरच येणार नाही. मी म्हटलं, विचार करते. तू म्हणालीस, विचार कसला करतेस, अकरा वर्षं तासिकांवर काढलीस ती पुरे झाली. त्या एका वाक्यानं मी रात्रभर तळमळले, कारण ते खरं आहे. पूर्णवेळ पगार, बारामतीत घर, आईचा गुडघा. मला मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सोमवारी सकाळी मी कागद घेऊन बसलेही होते, 'मा. सचिव' इथपर्यंत लिहिलंही होतं.

मग प्राचार्यांनी अर्जासाठी मागवून घेतलेली मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांची फाइल ऑफिसातून काढली, मागे घेण्याचा कागद कसा लिहितात ते बघायला. वीस वर्षांची इतिवृत्तं वाचली. एकूण सतरा नवीन कॉलेजांनी अर्ज केले होते. दोन आत आली. पंधरांच्या पुढं एकच ओळ : 'अर्जदार महाविद्यालयाने अर्ज स्वखुशीने मागे घेतला.' पंधरा वेळा स्वखुशीनं! दिपा, तुमच्या मंडळानं वीस वर्षांत एकदाही कुणाला नकार दिलेला नाही. कुणाला हात वर करावाच लागलेला नाही. सभेच्या आधी एक फोन जातो, तिकडून एक कागद येतो, आणि सगळे चहा पिऊन घरी जातात, कुणाच्याच मनाला काही लागत नाही. मी त्या पंधरा ओळींवर बोट फिरवत बसले. त्यातल्या प्रत्येक ओळीमागं एक कुणीतरी मास्तर असेल, त्याच्या नऊजणी असतील.

त्या संध्याकाळी मुलींना सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. बारामतीचा प्रवेश सांगितला, माझी नोकरीही सांगितली.  अकरातून तीन गेल्या की आठ उरतात, हे त्यांनी मनात केलंच असणार. शेवटी निकिता म्हणाली, "मॅडम, आमी तिघी गेलो तर ह्या आठजणींनी काय फुगड्या खेळायच्या?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि मग तीच रडायला लागली, कारण तिला बारामतीला जायचंय, खूप जायचंय, त्या निळ्या मॅटवर पळायचंय. ते मला दिसत होतं. मी तिला घरी सोडायला गेले. फुलाबाईला सांगितलं, निर्णय तुमचा, मी अडवणार नाही. ती म्हणाली, "म्हाळसा, तू गेलीस तवा मी काय बोलले न्हाय. आज बोलते. पोरगी बारामतीला जाईल की, का न्हाय जाणार? पर ह्या कालिजाचं नाव छातीवर लावून जाईल. आन तुमास्नी नको असलं, तर तिच्या तोंडावर सांगा म्हणावं."

म्हणून हे पत्र, दिपा. मी अर्ज मागे घेत नाही. स्वखुशीनं नाही आणि नाखुशीनंही नाही. शुक्रवारी कागदाची वाट बघू नकोस. तुझ्या नोकरीबद्दल मनापासून आभार, ती घेतली असती तर मला दुसऱ्यांदा आरशात बघायची चोरी झाली असती. शनिवारी मी सभेला येतेय आणि एकटी येत नाही. सभा खुली असते, नियम सहा, तूच टाइप केलेला. अकरा मुली, फुलाबाई आणि गेणबा पहिल्या रांगेत बसतील, कुणी घोषणा देणार नाही, कुणी ब्रही काढणार नाही. पाचवा विषय आला की मतदान घ्यावंच लागेल. मंडळाची रीत अशी की सचिवाचा हात सगळ्यांत शेवटी, आणि चौदा कॉलेजांचे सात-सात झाले तर निकाल लावायला उरतो तो तुझाच. तू अर्ज मागे घे म्हणालीस ते माझी शोभा होऊ नये म्हणून नव्हे, तो हात वर करायची वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून, हे आता मला कळतंय, आणि त्याबद्दल मला तुझी दयाही येते आणि मायाही. पण मी तुला सोडवणार नाही. आमच्या बाजूनं हात केलास तर आपण दोघी पोटभर भांडू आणि मग जेवू. विरुद्ध केलास तर तोही सरळ कर, कोपरातून दुमडून नको, आणि तो वर असताना निकिताकडं बघ. मग इतिवृत्तात खरं लिही, तुझ्याच अक्षरात : 'पिंपळमाळच्या महाविद्यालयास प्रवेश नाकारला.' तुमच्या वहीतला तो पहिला नकार असेल. तो आम्ही घेऊन जाऊ, जपून ठेवू आणि पुढच्या जूनला त्याच्यासकट पुन्हा अर्ज करू.

तुझ्यावर चिडलेली, तरीही तुझीच,
म्हाळसा